प्लॅस्टरमधलं वर्ष

पाच वर्षांची हाजरा तापातून उठली, पण तिचा डावा पाय काही उठला नाही. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट, पोलिओचे दिवस. पनवेलात लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर नव्हता. महिन्यातून एकदा मुंबईहून एक जण दवाखान्यात येई आणि गावोगावची पोरं कडेवर, पाठीवर, बैलगाडीत घालून आणली जात. डॉक्टरांनी हाजराचा पाय दाबून पाहिला नि तिच्या वडिलांना, झकेरियाशेटना सांगितलं, "हिला मुंबईला इस्पितळात ठेवावं लागेल. ऑपरेशन, मग प्लॅस्टर. वर्ष तरी जाईल."

"हिची अम्मी सोबत राहील ना?"

"आयांना राहता येत नाही. रविवारी भेटायचं."

पहिल्या रविवारी भेटून अम्मी परत जायला निघाली तेव्हा हाजराने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर अम्मीला म्हणाली, "तुम्हाला बघून ती रडते. काही दिवस येऊ नका." शिकल्यासवरल्या बाईचं म्हणणं, अम्मीने ऐकलं. अब्बा मधूनअधून येत आणि दारातूनच पाहून जात. हळूहळू हाजराचं रडणं थांबलं. पोर शहाणी झाली, असं सगळ्या सिस्टर म्हणू लागल्या.

पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती घरी आली. अम्मीने धावत येऊन तिला उचललं. अंग चोरून हाजरा म्हणाली, "सिस्टर, पाणी द्या." अम्मी पाणी देऊन आत निघून गेली.

पुढे सगळं रीतसर झालं. हाजरा लंगडत का होईना चालू लागली, शिवणकाम शिकली, लग्न झालं, नवरा कुवेतला गेला, मुलगी झाली. अम्मीशी तिचं कधी भांडण झालं नाही. शेवटच्या आजारात अम्मी एकदा म्हणाली, "मला येऊ नको म्हणाले होते गं." हाजरा म्हणाली, "बरं." आणि तिने उशी सारखी केली. मयतीला अंघोळ घालताना बायका रडत होत्या, हाजरा पाणी कोमट आहे ना ते बघत होती.

परवा तिची नात नशरा तिला घेऊन नवीन पनवेलच्या मुलांच्या दवाखान्यात गेली. नशराच्या बाळाचे, अझहरचे पाय जन्मतः आत वळलेले. डॉक्टरीणबाई प्लॅस्टर गुंडाळत होत्या आणि नशराला सांगत होत्या, "पाजत राहा, म्हणजे तो निवांत राहील."

बाहेर आल्यावर नशराने विचारलं, "तुझ्या वेळी कोण धरून बसायचं, नानी?"

"कोणी नाही."

"राग नाही आला कधी तुझ्या अम्मीचा?"

हाजराने मनात चाचपून पाहिलं. राग नव्हता. मायाही कुठे हाताला लागेना.

"तिला येऊ नको म्हणाले होते," ती म्हणाली.

बाळ हाजराच्या मांडीवर देऊन नशरा रिक्षा बघायला गेली. ओलं प्लॅस्टर चांगलंच जड होतं. हाजराने त्याचे दोन्ही पाय एका हातावर पेलले आणि नशरा येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.