साडभाऊंची मोजणी

ज्याच्यावर मनापासून जळावं असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याला राहतात. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मोजणी काही सुटली नाही. ते चालतात ते कुठं पोचण्यासाठी नव्हे, तर मोजण्यासाठी. "माहं पाऊल अडीच फुटाचं हाय, कमी नाई का जास्त नाई," हे ते नव्या माणसाला नावाच्याही आधी सांगतात. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे, आणि हे मांडवाच्या कडेकडेनं ओठ हलवत चाललेले. लोकांना वाटलं, काही जप असेल. मंगलाष्टकं संपताच त्यांनी मांडववाल्याला गाठून सांगितलं, "भाऊ, तुमचा मांडव हिकडून चार फूट सरकला. काऊन?" मांडववाल्यानं जेवण अर्धवट टाकून दोर ताणले. अमरावतीत आम्ही घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या शंभर माणसांनी घराची तारीफ केली. साडभाऊंनी प्रसाद तोंडात टाकत एवढंच म्हटलं, "सैपाकघराचा कोपरा काटकोनात नाई जी." त्या दिवसापासून मला त्या कोपऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी जळलो नसतो. पण मोर्शीला सासुरवाडीच्या संत्र्याच्या बगिच्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी जुना तंटा होता, तो ह्यांनी एका सकाळी चालून मिटवला. तेव्हापासून सासूबाई पहिली पुरणपोळी त्यांच्या पानात वाढतात. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश मला झोपेत विचारा. पण सासूबाईंच्या लेखी मी नकाशे भिंतीला टांगणारा आणि साडभाऊ प्रत्यक्ष जमिनीवर उभे असलेले.

मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि त्याचं गेम खेळायचं यंत्र टीव्हीखाली तसंच राहिलं. पहिले काही महिने आम्ही नवराबायको त्यावरची धूळ पुसत होतो. मग एक दिवस सहज चालू केलं आणि अडकलो. जादूचं राज्य, ओसाड किल्ले, बोलणारी झाडं, आणि त्यातून तलवार घेऊन हिंडणारा आमचा शूरवीर. मी त्याला चालवायचो, बायको शेजारी वही घेऊन बसायची. दिवसभरात आम्ही दोघं भाजी आणि गॅस सिलिंडर एवढंच बोलत असू, पण संध्याकाळच्या त्या तासाभरात ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसे आणि "अहो, मागं बघा, मागं!" म्हणून माझा दंड धरत असे. त्या तासाची मला फार गोडी लागली होती.

अशात आम्ही एका वाड्यापाशी येऊन अडलो. वाड्यात कुठंतरी गुप्त तिजोरीखाना आहे, हे दारातली एक म्हातारी सांगत होती, पण कुठं ते सांगत नव्हती. आत एकामागं एक दोन दालनं आणि चार दगडी दिवे. ते ठरावीक क्रमानं लावले की दार उघडत असणार, असा माझा सिद्धांत होता. चार दिव्यांचे चोवीस क्रम होतात. ते सगळे लावून झाले, बायकोनं वहीत फुल्या मारल्या, मग मी उलटे मोजूनही तेच लावले. इंटरनेटवर उत्तर शोधायचं नाही अशी आमची शपथ होती. असे चार महिने गेले.

आणि डोळे तपासायला म्हणून साडभाऊ दोन दिवस आमच्याकडे आले. दुपारी जेवणं झाल्यावर बायकोनंच त्यांना हकीकत सांगितली. माझ्या चोवीस क्रमांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं काय, तर "हा मानूस सारखं पाऊल टाकते का?"

"टाकतो की," मी म्हणालो.

"मंग आना हिकडं."

गरम कपबशी धरावी तसा त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांत धरला. पहिली दहा मिनिटं शूरवीर नुसता भिंतीवर डोकं आपटत होता आणि मला फार बरं वाटत होतं. मग तो सरळ चालायला लागला. बाहेरून पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत साठ पावलं भरली. आत पहिलं दालन चोवीस, दुसरं सव्वीस.

"भिंतीची जाडी धरा. तिन्ही मिळून चार पावलं," साडभाऊ म्हणाले. "झाले चोपन. सा पावलं गेली कुठी?"

बायकोनं वहीत बेरीज केली. भूगोलाच्या मास्तरानं ती दोनदा तपासली.

"मधल्या भिंतीच्या दारातून तर आपन चालत गेलो, तिथं काई नाई. मंजे मागच्या भिंतीआड. घालतो तलवार."

तलवार बसली, भिंत गडगडत बाजूला झाली आणि आतून पिवळा उजेड आला. दिवे नुसतेच दिवे होते. "भाऊजी!" म्हणून बायको अशी ओरडली आणि अशी टाळ्या पिटत उठली, की असं तिला मी मुलाच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. चार महिने मी शेजारी बसून जे मिळवू पाहत होतो, ते ह्यांनी अर्ध्या तासात मिळवलं. मी दूध आणतो म्हणालो आणि निघालो. घरात दूध होतं.

चौकातून दोन फेऱ्या मारून परतलो, तर शूरवीर उघड्या दारातच उभा. कंट्रोलर टीपॉयवर.

"आत नाही गेलात?" मी विचारलं.

"जमीन तुमची हाय. आमी मोजून देतो, ताबा मालक घेते." मग थोडं थांबून ते म्हणाले, "साडभाऊ, सारी जिंदगी मोजन्यात गेली. दर मोजनीले एक जन खुश, दुसरा शिव्या देते. आज पयल्यांदा मोजलं अन् कोनी चिडलं नाई."

मी दुधाची पिशवी घेऊन आत गेलो. तोंड धुवून बाहेर आलो, बायकोला शेजारी बसवलं आणि कंट्रोलर उचलून तिजोरीखान्यात पाऊल टाकलं.

यंदा त्यांचे गुडघे गेले. फाटकापलीकडे जाववत नाही. संध्याकाळी मी फोन लावून टीपॉयवर ठेवतो आणि शूरवीराला चालवत आकडे सांगतो. ते अकोल्यात कागदावर त्या राज्याचा नकाशा काढतात. काल मी बायकोशी बोलण्याच्या नादात मोजायचं विसरलो.

"नदीपर्यंत किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"दोनशे बारा," मी ठोकून दिलं.

तिकडे कागद सळसळला. "तुमी मोजलं नाई जी. वापस चाला."

ह्या माणसाला हे कसं कळतं, ह्यावर मी जळलोच. पण शूरवीराला मुकाट्यानं मागं आणलं, आणि मग आम्ही दोघंही मोठ्यानं मोजत नदीकडे निघालो, ते अकोल्यात आणि मी इथं. माझ्या घाईनं त्यांना धाप लागू नये म्हणून मी जरा हळूच चालवत होतो.