मुकं बटण

गल्लीत त्यांना टाचमास्तर म्हणत. एक पाय आखूड असलेल्यांचे जोडे बनवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकांची मापं, टाचांची रेखाटनं सगळी कॉम्प्युटरवर. लेकीनं त्यात लिनक्स टाकून दिलं होतं, आणि कुणाचं व्यंग चव्हाट्यावर येऊ नये म्हणून मास्तरांचं होम फोल्डर एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलं होतं. पासवर्ड मास्तरांनी स्वतः घातला. लेकीलासुद्धा सांगितला नाही.

यंदा लेक माहेरी आली ती नवाकोरा कीबोर्ड घेऊन. गोंद सांडून सांडून जुन्याची पार रया गेली होती. तो काढून नवा जोडला आणि पासवर्ड चालेना.

"बाबा, विसरलात ना?"

"अगं, रोज तोच घालतो! डोकं ठिकाणावर आहे माझं."

लेकीनं धीर न धरता मागच्या दारानं, म्हणजे जुना न घालताच, नवा पासवर्ड लावून दिला. लॉगिन झालं, पण फोल्डर उघडेना. त्याचं कुलूप अजून जुन्याच पासवर्डला ओळखत होतं. आणि आत होतं एका नवरीच्या टाचेचं रेखाटन. लग्नात काठीशिवाय चालायचं, एवढाच त्या पोरीचा हट्ट. ती परगावची, जोडे घ्यायला येणार ती थेट लग्नाच्या सकाळी, म्हणजे उद्याच. मास्तरांचा चेहरा उतरला. लेकीला तर रडूच फुटलं.

"रडतेस काय? जुना कीबोर्ड कुठाय? माझी बोटं त्याच्यावर बसलीयत."

"भंगारात टाकलाय."

बापलेकींनी भंगाराचं खोकं उपसलं. जुना कीबोर्ड जोडून मास्तरांनी पासवर्ड घातला, आणि फोल्डर उघडलं! लेकीनं मग त्याचं एकेक बटण दाबून पाहिलं. एक साफ मुकं निघालं. गोंद कधीचाच आत मुरलेला. मास्तर पहिल्या दिवसापासून ते इमानेइतबारे दाबत होते, पण ते अक्षर कॉम्प्युटरपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. एरवी त्या बटणाचं काम पडत नसे, आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत, म्हणून कधी कळलंही नाही. नव्या कीबोर्डनं ते पोचवलं आणि सगळा घोळ झाला.

"म्हणजे इतकी वर्षं चुकीचाच पासवर्ड चालत होता!" लेक पोट धरून हसत सुटली.

"पासवर्ड बरोबरच होता. कीबोर्ड कामचुकार."

मग मास्तरांनी जेवणही बाजूला ठेवून टाच कापायला घेतली.

सकाळी नवरी जोडे घालून दुकानभर चालली. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. दोन्ही पावलांचा आवाज सारखा होता. दारापाशी जाऊन ती परत आली, भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"ही राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली.