पाच बिल्ले आणि चार माणसं

बिल्लेमास्तरांना मोजायची इतकी खोड होती, की बायको येईल त्या पाहुण्याला सांगायची, "लग्नात हे माझ्याकडे बघायचं सोडून माणसं मोजत होते. आकडासुद्धा पाठ आहे अजून, विचारा!" मास्तर हसायचे आणि खरंच आकडा सांगायचे.

सव्वीस वर्षं ते डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वनखात्याच्या चौकीत बसले. रस्ता तिथे संपतो, बस तिथून वळून माघारी जाते आणि पुढे धबधब्यापर्यंत अडीच तासांची पायवाट. वाटेत दोन ओढे, एक अरुंद कडा आणि फोनला रेंज म्हणून नाही. वर जाणाऱ्या प्रत्येकाला मास्तर नंबर घातलेला पितळी बिल्ला द्यायचे आणि उतरल्यावर तो खिडकीतून परत घ्यायचे. पाठीमागच्या फळीवर चाळीस खिळे होते. संध्याकाळी एखादा खिळा रिकामा राहिला, की मास्तर दोर आणि चार माणसं घेऊन निघायचे. अशी अकरा माणसं त्यांनी सुखरूप खाली आणली होती. आधी अंगावर घोंगडी टाकायची आणि मग झाडायचं, "शहाण्या, धबधबा काय पळून जाणार होता?" हा त्यांचा शिरस्ता.

खात्याचा नियम फक्त बिल्ला परत घेण्याचा होता. मास्तरांनी पदरचा एक नियम त्याला जोडला होता. बिल्ला घेताना समोरच्याचा चेहरा बघायचा. एकाने सगळ्यांचे गोळा करून आणले, तर ते खुशाल परत पाठवायचे. "ज्याचा त्याने द्या. रांग लावा." लोक कुरकुरायचे, मागे नावं ठेवायचे. मास्तरांना त्याचं काही वाटायचं नाही.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. त्या दिवशी लेक बाळंतपणानंतर पहिल्यांदा घरी आली होती आणि नातीचं तोंड बघायला मास्तरांचा जीव वर-खाली होत होता. पाचची बस इंजिन सुरू करून उभी होती. पाऊस लागला होता. एका तरुणाने खिडकीतून हात आत घातला. हातात पाच बिल्ले. "काका, सगळ्यांचे आहेत. बाकीचे गाडीत बसलेत." मास्तरांनी पाच मोजले, पाच खिळ्यांना अडकवले, कुलूप लावलं आणि धावत बस गाठली. नात झोपलेली होती, तरी त्यांनी तिला उचलून घेतलंच.

पाचवी मुलगी उतरलीच नव्हती. खिशातून पडेल म्हणून तिने बिल्ला मैत्रिणीकडे दिला होता, तो फिरत फिरत त्या तरुणाच्या हातात आला. दोन गाड्या होत्या. या गाडीला वाटलं ती त्या गाडीत आहे, त्या गाडीला वाटलं या गाडीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुसऱ्या ओढ्याच्या खाली सापडली. पाय मोडला होता. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत असावी.

चौकशी झाली. मास्तरांना विचारलं, "पाचही बिल्ले जमा झाले होते?" ते म्हणाले, "हो." कुणाच्या हातून, हे कुणी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. त्या तरुणानेही तोंडातून ब्र काढला नाही, ना त्या मैत्रिणीने. दोघांची तर पाचावर धारण बसली होती. मग अहवालात आलं, की मुलगी खाली आली, बिल्ला दिला आणि कोणत्यातरी कारणाने एकटीच पुन्हा वर गेली. मास्तरांनी त्याखाली सही केली. गेलेला जीव काही परत येत नाही, नोकरी तरी राहील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं काय ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. त्या दिवसापासून तिने लग्नातल्या मोजणीची थट्टा बंद केली, आणि घरात आलेला बदल मास्तरांना नेमका तिथे कळला.

तीन वर्षांनी पत्र आलं. मुलीच्या वडिलांचं. घड्याळं दुरुस्त करायचे, अक्षरही तसंच बारीक आणि नीट. 'आम्हा दोघांना ती जागा एकदा बघायची आहे. माझा एक गुडघा कामातून गेला आहे, हिला दम लागतो. धोका न पत्करता कसं जाता येईल, एवढं कळवावं. आमच्यापायी आणखी कुणाला त्रास नको.'

मास्तरांनी चार पानी उत्तर लिहिलं. पाऊस संपून दोन महिने जाऊ द्या, तोवर ओढे घोट्यापर्यंत येतात. शनिवार-रविवार नको. आदल्या दिवशी सर जरी पडली, तरी बेत रद्द. नवे बूट घालून येऊ नका, आठवडाभर घरात वापरा. सकाळी सातला निघायचं, एक वाजता असाल तिथून मागे फिरायचं. पाचपर्यंत खाली नाही आलो, तर चौकीतला माणूस मदत घेऊन निघेल, त्याला तसं सांगून ठेवतो. जो सगळ्यात हळू चालतो, तो सगळ्यात पुढे. आणि शेवटी, 'मी स्वतः बरोबर येईन.'

बायकोने चारही पानं वाचली. "नेण्या-आणण्याचं सगळं आलं यात," ती म्हणाली. "सांगणार आहात, की सुखरूप आणून पुन्हा मूग गिळून बसणार?"

"आधी सुखरूप तर आणतो."

"ते आणाल हो तुम्ही. त्याची मला काळजीच नाही."

ठरलेल्या दिवशी ते दोघं पहाटेच्या बसने आले. मास्तरांनी दोघांच्या काठ्यांची उंची बघितली, नाड्या बघितल्या, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या. आई सगळ्यात पुढे, मग घड्याळजी, मागे मास्तर. दर वीस मिनिटांनी बसायचं. दुसऱ्या ओढ्यावर मास्तरांनी आदल्या दिवशीच दोर बांधून ठेवला होता. ओढा ओलांडल्यावर घड्याळजींनी विचारलं, "इथेच?" मास्तरांनी खाली बोट दाखवलं. आई तिकडे बघायला थांबली नाही. ती तशीच वर चालत राहिली, दम लागला तरी.

अकराला ते धबधब्यापाशी पोचले. पाणी बेताचंच होतं. काळ्या खडकावरून एक धार खाली येत होती आणि तिच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काहीतरी हरवलेलं शोधायला यावं तसं.

"मास्तर," ती म्हणाली, "असं काय आहे हो इथे? खाली पोचलेली मुलगी पुन्हा वर यावी असं?"

मास्तरांनी तिला बसायला सपाट दगड दाखवला.

घड्याळजी मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "त्या सकाळी दोघींचं वाजलं होतं. पावसात कशाला जातेस, यावरून. ही रागाच्या भरात बोलून गेली, 'जातेस तर जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस.' आपण सगळेच बोलतो की असं. पण अहवाल वाचल्यापासून हिच्या डोक्यात एकच बसलंय."

"खाली आली होती ती," आई म्हणाली. "घरी यायचं म्हणून आली असणार. मग माझं बोलणं आठवलं तिला. म्हणून गेली परत."

 अहवालाचा तो कागद आपली नोकरी वाचवून कुठल्यातरी कपाटात पडला असेल, असंच मास्तर तीन वर्षं धरून चालले होते. एका घरात तो रोज वाचला जातोय, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. सव्वीस वर्षं माणसं मोजणाऱ्याला ही दोन माणसं दिसली नव्हती.

ते खाली बसले. "ताई, ती खाली आलीच नव्हती."

"काय?"

मास्तरांना तेच पुन्हा, जास्त मोठ्याने, ओरडून सांगावं लागलं. "ती खाली आलीच नव्हती! तिचा बिल्ला दुसऱ्याने आणून दिला. मी चेहरा बघितला नाही. मला घरी जायची घाई होती. बघितला असता, तर त्याच संध्याकाळी आम्ही वर गेलो असतो. ती तुमच्यावर रागावून कुठेही गेली नव्हती. ती घरीच यायला निघाली होती."

घड्याळजींनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आता ती आपल्या पाठीत बसणार, असं मास्तरांना वाटलं आणि बसली तर बरंच, असंही वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "हे लिहून द्याल?"

"देतो. आज देतो. नोकरी गेली तरी देतो."

"तुमच्या नोकरीचं मला सांगू नका."

 आईने तोंडावर पदर घेतला आणि आतूनच बोलली. मास्तरांशी नाही, नवऱ्याशीही नाही. "घरात तिचा फोटो लावू दिला नाही मी. म्हटलं, एवढ्याशा बोलण्यावरून जीव देते, आईचा विचार करत नाही, कशाला लावायचा! तीन वर्षं रागावले गं तुझ्यावर. मेलेल्या लेकरावर रागावले."

मास्तर उठले. त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण उतारावर ओल होती, एकाचा गुडघा कामातून गेलेला होता, दुसरीला रडून रडून श्वास पुरत नव्हता, आणि त्या दोघांना घरापर्यंत पोचवायला त्या डोंगरावर त्यांच्याशिवाय दुसरं कुणीही नव्हतं.