पिवळ्या वस्त्रातले यंत्र

शहाडला, उल्हास नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, महिपत सुतारांचे दुकान आहे आणि दुकानामागेच घर. साठी उलटलेल्या या गृहस्थांचे हात शिसवाच्या गाभ्यासारखे काळे व कठीण. वाणी मात्र मृदू, आणि तीही मोजकी. खंडेनवमीला ते रंधा, करवत, पटाश्या पुसून पाटावर मांडीत, गंध-फूल वाहत आणि त्या दिवशी एकाही हत्याराला कामाला लावीत नसत. ज्याने वर्षभर अन्न दिले त्याला एक दिवस विसावा द्यावा, ही त्यांच्या कोकणातल्या वडिलांची शिकवण.

त्या पाटावर तीन वर्षांपासून मधोमध एक निराळे दैवत बसत असे: बॅटरीवर चालणारे ड्रिल. त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, विनिताने, पहिल्या पगारातून ते आणले होते. परकरात असल्यापासून ती वडिलांच्या हाताखाली वाढलेली. महिपतरावांनी पेन्सिलीने खूण करावी आणि तिने तिथे भोक पाडावे, असा दोघांचा रिवाज. सज्जात टांगायचा, बापलेकीला शेजारी बसता येईल असा सागवानी झोपाळाही त्याच रिवाजाने होत आला होता. फळी रंधून, पॉलिश होऊन तयार झाली, कड्यांसाठी चार खुणाही झाल्या. तोच विनिताला नोकरीसाठी कॅनडाला जावे लागले. निघताना तिने बजावले होते, की ही चार भोके मी परत आल्यावर पाडीन, माझ्याच ड्रिलने.

ती गेली, आणि महिपतरावांनी ते ड्रिल पिवळ्या वस्त्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले; खंडेनवमीला तेवढे ते वस्त्रासकटच पाटावर येई. कामासाठी जुने, वायरचे ड्रिल होतेच. लेकीची वस्तू झिजू नये, तिला ओरखडा येऊ नये, एवढीच त्यांची भावना. फोनवर विनिता विचारी, “माझं ड्रिल बरं आहे ना?” आणि ते सांगत, “आहे तसंच आहे.”

यंदा दिवाळीला दोन आठवड्यांची रजा मिळाल्याचे तिने कळवले. महिपतरावांनी त्याच दिवशी वस्त्र सोडले आणि कळ दाबली. यंत्र बोलले नाही. बॅटरी चार्जरवर बसवली, तर तांबडा दिवा नुसताच लुकलुकत राहिला.

कल्याणला हत्यारांचे दुकान चालवणाऱ्या जगनने बॅटरी हातात घेऊन विचारले, “काका, शेवटची चार्ज कधी केलेली?”

“ती गेली तेव्हा. तीन वर्षं झाली.”

“मग मेली ही. वापरली असती तर जगली असती. ही पडून राहिली की संपते.” अशा घडणीची बॅटरी आता येतच नाही, असे सांगून त्याने नवे यंत्र पुढे सरकवले. महिपतरावांनी त्याकडे पाहिलेही नाही.

घरी पत्नीने, रखमाबाईंनी, सगळे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, “अहो, देव्हाऱ्यातल्या देवालासुद्धा रोज नैवेद्य लागतो. तुम्ही याला तीन वर्षं उपाशी ठेवलंत, आणि वर फुलं वाहिलीत.” जपण्याच्या नावाखाली आपल्या हातून घात घडला, हे महिपतरावांना एव्हाना उमगले होते. लेक येईल, वस्त्र सोडील, कळ दाबील.

आठवड्याने जगनचाच निरोप आला. त्याने एक अडॅप्टर मिळवला होता: बॅटरीच्याच आकाराचा ठोकळा, मुठीखाली तसाच बसणारा, त्यातून निघालेली वायर लॅपटॉपच्या चार्जरसारख्या एका डबीत आणि डबीची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. पहिल्या डबीने हवेत भोक पाडणारे बिट फिरले, पण लाकडाला टेकताच थांबले. व्होल्ट जुळतात, पण जोर पडला की यंत्राला जेवढा करंट लागतो तेवढा हिला देववत नाही, असे जगनने समजावले आणि विटेएवढी जड दुसरी डबी जोडली. मग मात्र बिट लाकडात शिरले. तो घुमणारा स्वर तीन वर्षांनी कानी पडला, तेव्हा महिपतरावांनी डोळ्यांत भुसा गेल्याचे निमित्त केले.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि विनिताची रजा रद्द झाली. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर ती बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. शेवटी म्हणाली, “ड्रिल दाखवा ना, बाबा.”

त्यांनी वायर पाठीमागे दडवून यंत्र पुढे धरले.

“ती मागे वायर कसली?”

खोटे त्यांना कधी साधले नव्हते. पिवळे वस्त्र, कपाट, पाट, फुले, सारे त्यांनी सांगून टाकले.

“मी ते तुम्हाला वापरायला दिलेलं, बाबा. तुमच्या पायात वायर येऊ नये म्हणून. आणि तुम्ही त्यालाच वायर लावलीत.” ती हसू पाहत होती, ते तिला नीटसे जमले नाही. “भोकं तुम्हीच पाडा आता. मी बघते.”

“तू ये. मग पाडू.”

“पुढचं मला ठाऊक नाही हो, बाबा. फळी घ्या.”

सज्जापर्यंत वायर पोचत नव्हती, म्हणून फळी आत प्लगपाशी आणली. रखमाबाईंनी फोन धरला. महिपतरावांनी बिट पहिल्या खुणेवर टेकवले.

“सरळ धरा, बाबा. हात तिरपा जातोय,” विनिता म्हणाली. दहा वर्षांच्या मुलीला ते स्वतः याच शब्दांत सांगत असत. त्यांनी मनगट सावरले. एकामागून एक चारही भोके नेमकी पडली.

संध्याकाळी झोपाळा सज्जात टांगला गेला. महिपतराव त्याच्या डाव्या टोकाला बसले, उजवी जागा मोकळी ठेवून. भार एकाच बाजूला पडल्याने झोका वाकडा जाऊ लागला, साखळ्या कुरकुरल्या. रखमाबाई दारातून म्हणाल्या, “अहो, मध्ये सरका की.”

“राहू दे,” ते म्हणाले, आणि पायाने हलकेच रेटा दिला.