घवाळ्यांना चढत नाय

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात महिपत घवाळी फिटर होता. पण वाडीत त्याला मान होता तो सहा पेग पिऊन सरळ चालणारा माणूस म्हणून. हळदीच्या रात्री बाकीचे मांडवाच्या खांबाला मिठ्या मारत, तेव्हा हा वाढायला उभा राही आणि आमटीचा थेंब पानाबाहेर सांडत नसे.

"घवाळ्यांना चढत नाय," तो छाती काढून सांगे. "बाबांना पण चढत नव्हती."

बाबा पन्नाशीच्या आतच पोट फुगून गेले, हे तो सांगत नसे. घरात त्याला कावीळ म्हणायची रीत होती. धाकटा भाऊ नितेश पहिल्याच ग्लासाला ओकायचा. त्याने नाद सोडला, तर लोक म्हणाले, घराण्याचं नाव बुडवलंन.

गेल्या वर्षी कारखान्यातल्या तपासणीत महिपतचं यकृत सुजलेलं निघालं.

"पण डॉक्टर, मला कधी चढलीच नाही!"

"तीच तर भानगड आहे," डॉक्टर म्हणाले. "इतरांचं शरीर दोन पेगांत 'बस' म्हणून ओरडतं. तुमचं गप्प बसतं, म्हणून तुम्ही पीत राहता. हे बऱ्याचदा आईबापांकडून येतं. डोकं शुद्धीवर राहिलं म्हणून यकृत वाचत नाही."

महिपतने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. घरी ग्लास भरत बायकोला म्हणाला, "रक्तातच हाय गो. माझा काय दोष?"

हौसा बांगडे साफ करत होती. "टक्कल पण मामंजींचंच हाय ना? मग त्याला रोज तेल कशाला चोळताव?"

तो हसला आणि प्यायला.

दिवाळीत लेक अक्षया नर्सिंग कॉलेजातून घरी आली. चहा पिताना म्हणाली, "बाबा, परीक्षा संपल्यावर मैत्रिणींबरोबर बिअर घेतली. त्या सगळ्या आडव्या झाल्या. मला तीन बाटल्यांनी काहीच झालं नाही."

ही खरं तर पेढे वाटण्याची वेळ. महिपतला मात्र घाम फुटला.

"परत घेऊ नको."

"आणि तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून डॉक्टरांकडे गेला. दारू सोडल्यावर आठवडाभर दवाखान्यात हात असे थरथरले की हौसाने पेज भरवली. त्याला दहा महिने झाले. यकृताची सूज उतरतेय. वाडी मात्र हळहळते: बिचारा आजारी आहे, पीतसुद्धा नाही.

अक्षयाला तो दर शनिवारी फोन करून खोदून खोदून विचारतो, परत घेतलीस का. ती वैतागते, पण उत्तर देते.