धुक्यातली गिनती

मी लान्स नायक म्हणून निवृत्त झालो. आता बी.ए. करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय नाही, पण हे सांगायला हवं असं वाटतं.

तेव्हा पोस्टिंग दिल्ली कँटला होती. गुडगावकडची शेतं विकली जात होती, नव्या वसाहतींचे प्लॉट पडत होते. जानेवारीत सरावासाठी तिथं टेलिफोनची केबल टाकायची होती. माझ्या हाताखाली आठ जवान. सकाळी सातला गाडीतून उतरलो. धुक्यात पुढच्याची पाठसुद्धा दिसेना.

रांगेत आठवा, शेवटचा, शिपाई महादेव खोत. तो आमच्या पार्टीच्या हवालदारांना म्हणाला, "उस्ताद, एक प्लॉट घेऊन टाका. शेजारी भांडायला माणूसच नाही."

"तू ये की शेजारी. तुझी बायको पुरेल भांडायला."

हवालदार गाडीपाशी रेडिओवर थांबले. आम्ही केबल सोडत निघालो.

९:०५ ला माझा वायरलेस सेट वाजला, हवालदार होते. "पार्टी का हाल? ओव्हर."

नियम असा, की प्रत्येकाजवळ जाऊन चेहरा बघायचा. मी जागेवरूनच ओरडलो, "गिनती कर!"

एक, दो, तीन... धुक्यातून आकडे येत गेले. सातनंतर थोडी शांतता. मग लांबून, "आठ."

"आठ हाजिर. ओव्हर."

साडेनऊला गाडीपाशी सातच जण पोहोचले.

विकलेल्या एका शेतात कठडा नसलेली विहीर होती. खोत त्यातल्या पाण्यात सापडला. त्याचं घड्याळ ८:४० ला बंद पडलं होतं.

मी सातही जणांना वेगवेगळं विचारलं. 'आठ' कोणीच म्हटलं नव्हतं. ऐकलं मात्र सगळ्यांनी होतं.

चौकशीआधी हवालदार म्हणाले, "पार्टी माझी होती. मी बोलतो. तुझं प्रमोशन जवळ आलंय."

"गिनती मी घेतली, उस्ताद."

"माणसं मोजलीस की आवाज?"

"आवाज."

"मग तेवढंच सांग. त्या आवाजावर ढकलू नकोस."

तेवढंच सांगितलं. प्रमोशन थांबलं.

रजेत खोतच्या गावी गेलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते.

"त्या दिवशी त्याचा वरचा माणूस कोण होता?" त्यांनी विचारलं.

"मी होतो, काका."

त्यांनी चटई थोडी माझ्याकडे सरकवली.

"बसा. त्या सकाळी काही खाल्लं होतं का त्यानं?"

"पुऱ्या खाल्ल्या," मी म्हणालो. "त्याच्या चार आणि माझ्यातल्या दोन."