पापणी हलते का

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याच्यापुढे एरवी माझ्या पोटात काही राहत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. मूळची रत्नागिरीची. इथे कुवेतमध्ये कोंबड्या कापायच्या कारखान्यात तपासनीस आहे. नावापुढे डॉक्टर लावायचं आणि एकही जीव वाचवायचा नाही – असली माझी डॉक्टरकी! उलट्या टांगलेल्या कोंबड्यांची डोकी वीज सोडलेल्या पाण्यातून जातात, त्या बेशुद्ध होतात, मग पुढची माणसं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवतात. कोंबडी शुद्धीत नसावी, पण जिवंत असावी. पाण्यातच मेली तर हलाल नाही, फेकायची. वीज किती सोडायची ते मी ठरवते. आणि बाहेर आलेल्या कोंबडीच्या डोळ्याला हलकं बोट लावून बघते. पापणी हलली, तर तिला सगळं कळतंय.

मध्यंतरी फेकायच्या कोंबड्या वाढल्या. आमचा मुदीर – इथे साहेबाला असंच म्हणतात – माझ्याकडे आला. ओरडला नाही, गोड बोलला. "डॉक्टर, मरा हुआ एक भी नहीं चाहिए." त्याने धमकी दिली असती, तर आज मला सांगायला तरी बरं पडलं असतं. मी मुकाट्याने वीज कमी केली.

कोंबड्या मरायच्या थांबल्या. साहेब खूश. मी एकीच्या डोळ्याला बोट लावलं – पापणी हलली. दुसरीची हलली. तिच्या पुढचीचीही. मग मी काय केलं असेल? वीज वाढवली? छे! बोट लावणंच बंद केलं.

आमच्या घरी बकरी ईदला अब्बा आधी बोकडाला पाणी पाजायचे, सुरी पाठीमागे लपवायचे. त्याला भीती वाटता कामा नये, म्हणायचे. म्हणजे हे शिकायला मला कॉलेजही लागलं नव्हतं. मग विसरले कशी? विसरले नव्हते हो – तेच तर सांगतेय.

माझी मुलगी सना इथेच, कुवेतच्या खैतान भागात वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. मागे तिने चिकन सोडलं. ताट सरकवून म्हणाली, "मम्मा, डू दे फील इट?"

मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाय गो, झोपतात त्या. मीच बघतंय ना."

तिने विश्वास ठेवला, ताट परत ओढलं. का नाही ठेवणार? आई डॉक्टर! माझी मम्मा त्यांना दुखू देत नाही, असं शाळेत मैत्रिणींना सांगत सुटली. एकदा माझ्यादेखत सांगितलं. मला स्वतःची किळस आली, आणि मी हसले.

वीज अजून तेवढीच आहे. वाढवायला एक बटण फिरवावं लागतं, बस्स. रोज मी त्याच्यासमोर उभी असते.

काल सुट्टी होती, घरी चिकन केलं. सनाने तंगडी मागितली. मी वाढली. वर थोडा रस्साही घातला.